शेवटचे दोनशे फूट

थोडं मोठं लिहितोय, सवडीनं वाचा.

गेले काही दिवस आपल्या गावात एकच विषय चाललाय. विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, या गच्चीवरून त्या गच्चीवर गेलेल्या केबलच्या वायरी काढून टाका. मागणी चुकीची आहे असं कोण म्हणेल? बाजारपेठेच्या चौकात मान वर केली की आभाळाच्या आधी वायरींचं जंजाळ दिसतं. गणपतीच्या मिरवणुकीत एक जण बांबू घेऊन ट्रॅक्टरच्या पुढं चालतो, वायरी वर उचलायला. आता नगरपरिषदेच्या सभेत हा विषय येतोय आणि सूर असा आहे की सरसकट काढा.

या ‘सरसकट’ शब्दापाशी मी अडलोय. कारण त्या जंजाळातल्या काही वायरी मेलेल्या आहेत आणि काहींतून या घडीला कोणाच्या तरी पोराचा ऑनलाइन क्लास चालू आहे, कोणाचं दुकानाचं जीएसटी रिटर्न भरलं जातंय. बाहेरून दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात. कुठली वायर कसली आणि ती तिथं आली कशी, हे समजून घेतल्याशिवाय कात्री चालवली तर नुकसान आपलंच आहे. म्हणून हा इतिहास.

इंटरनेटच्या जाहिरातीत वेगाचे आकडे असतात. शंभर एमबीपीएस, दोनशे एमबीपीएस. पण गेल्या तीस वर्षांत घरात इंटरनेट कोणाला मिळालं, कधी मिळालं आणि कितीला मिळालं, हे वेगानं ठरवलेलं नाही. खांबापासून आपल्या दिवाणखान्यापर्यंतचे शेवटचे दोनशे फूट कोणाच्या ताब्यात आहेत, त्यावर ते ठरत आलंय. आणि आपल्या गावात ते दोनशे फूट आधी ओढले ते केबलवाल्यानं, तेही टीव्हीसाठी.

सुरुवात टीव्हीपासूनच करावी लागेल. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या काही इमारतींत एकाच व्हीसीआरवरून वायर फिरवून सगळ्या घरांत पिक्चर दाखवायची पद्धत निघाली. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध झालं, ते सीएनएननं थेट दाखवलं आणि डिश अँटेना हा शब्द पेपरात आला. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला आणि मग तालुक्यातालुक्यात गच्चीवर मोठ्या जाळीदार छत्र्या दिसायला लागल्या. सरकारनं यातलं काही आखलेलं नव्हतं. कुठली योजना नाही, टेंडर नाही, अनुदान नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला, व्हिडिओ पार्लरवाला, मंडप-स्पीकरवाला अशा माणसांनी कर्ज काढून छत्री घेतली, एका खोलीत कंट्रोल रूम थाटली आणि शिडी खांद्यावर घेऊन वायर ओढत सुटले.

वायर ओढायला परवानगी कोणाची? घरमालकाची. ‘काकू, तुमच्या गच्चीवरून वायर नेतो, तुम्हाला कनेक्शन फुकट,’ एवढ्यावर काम व्हायचं. आज आपण ज्याला जंजाळ म्हणतो ते अशा हजारो तोंडी परवानग्यांचं जाळं आहे. कागद कुठंच नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचं महत्त्व कळेल.

कायदा आला १९९५ मध्ये. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा. त्यात केबलवाल्यानं नोंदणी करायची ती कुठं, तर मुख्य टपाल कार्यालयात. पाचशे रुपये भरायचे, दर वर्षी नूतनीकरण करायचं. म्हणजे देशभरातली एवढी मोठी यंत्रणा कागदोपत्री पोस्टमास्तरांच्या रजिस्टरात होती. दुसरीकडे महसूल खात्याचा करमणूक कर, कनेक्शनमागे. तिथं काय चालायचं ते सर्वांना ठाऊक आहे. घरं पाचशे असली तर कागदावर शंभर. केबलवाल्यांची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. पावती न देणं, ‘ही माझी हद्द’ म्हणून दुसऱ्याला गल्लीत येऊ न देणं, रात्रीतून एकमेकांच्या वायरी तोडणं, हे सगळं आपण पाहिलंय. आणि तक्रार केली की ठरलेलं उत्तर : ‘भाऊ, वरूनच प्रॉब्लेम आहे.’

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. केबलवाला कायद्यात आला आणि इंटरनेट देशात आलं, दोन्ही एकाच वर्षी. पण दोघांची गाठ पडायला आपल्याकडं वीस वर्षं लागली. इंटरनेट आलं ते टेलिफोनच्या तारेतून. सुरुवातीचा वेग ९.६ केबीपीएस. हिशेब करून बघा. एक एमबीचा फोटो म्हणजे सुमारे ऐंशी लाख बिट. त्या वेगानं तो पाठवायला चौदा मिनिटं लागणार, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर. तुटली की पहिल्यापासून. शिवाय इंटरनेट चालू असताना घरचा फोन बंद. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने खुले झाले, सायबर कॅफे निघाले, मोडेमचा वेग ५६ केबीपीएसपर्यंत गेला. पण तार तीच, टेलिफोनची.

मी बातमीदारीला लागलो तेव्हा जिल्ह्याच्या कार्यालयाला बातमी एसटीतून लिफाफ्यात जायची. घाईची असली तर फॅक्स. फोटो पाठवायचा तर सायबर कॅफेत बसून पट्टी किती पुढं सरकली ते बघत राहायचं. तेव्हा त्याच कॅफेच्या डोक्यावरून केबल टीव्हीची जाड काळी वायर जात होती. तिच्यातून एका वेळी साठ-सत्तर चॅनेल चालत होते. इतकं सगळं जिच्यातून जातंय तिच्यातून एक फोटो का जात नाही, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पडायचा.

त्याचं उत्तर समजलं की पुढचं सगळं समजतं. ती वायर एकतर्फी होती. आपल्या नळयोजनेसारखी. टाकीतून पाणी नळाला येतं, नळातून टाकीला जात नाही. कंट्रोल रूममधून निघालेला सिग्नल दर काही अंतरावर कमजोर पडतो, तिथं खांबावर एक अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो आणि तो सिग्नलला पुढं ढकलतो. फक्त पुढं. टीव्हीला तेवढं पुरतं. इंटरनेटला पुरत नाही, कारण तिथं तुम्ही काय मागताय हे घराकडून वर कळवावं लागतं. मग अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बाजूंनी चालणारे बसवायचे. तेवढ्यानंही भागत नाही. खाली येताना सिग्नल नळासारखा घरोघर वाटला जातो, पण वर जाताना तो गटारासारखा सगळ्या घरांचा एकत्र जमतो. एका घरातला सैल जोड, दुसऱ्या घरातली गंजलेली पिन, तिसऱ्याच्या मिक्सरची खरखर, सगळं मिळून वर जातं आणि शे-दोनशे घरांचं इंटरनेट एकदम बसतं. म्हणजे गावातला प्रत्येक जोड नीट करायचा. चाकूनं वायर सोलून दातानं ओढून पिळलेले ते जोड होते.

अमेरिकेत हे काम झालं. केबलमधून इंटरनेट ही कल्पना तिथलीच. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहरात ‘अ‍ॅट होम’ नावाची सेवा सुरू झाली. मार्च १९९७ मध्ये तिथल्या केबल कंपन्यांनी मिळून ‘डॉक्सिस’ हे मानक ठरवलं, म्हणजे कुठल्याही कंपनीचा केबल मोडेम कुठल्याही केबलवर चालावा. तिथल्या कंपन्या मोठ्या, जाळं त्यांच्या मालकीचं, कागद पक्के, त्यामुळं बँकेनं पैसा दिला आणि वायर दुतर्फा झाली. आज अमेरिकेत घरोघर इंटरनेट देणाऱ्या सगळ्यांत मोठ्या दोन कंपन्या, कॉमकास्ट आणि चार्टर, मुळात केबल टीव्हीवाल्या आहेत. तुमच्या वायरीवरून आम्हालाही इंटरनेट विकू द्या, असं दुसऱ्या कंपन्यांनी म्हटलं, तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जून २००५ मध्ये निकाल लागला की केबल कंपन्यांवर तशी सक्ती नाही. शेवटचे दोनशे फूट ज्याचे, गिऱ्हाईक त्याचं.

आपल्याकडं वायर केबलवाल्याची होती, पण कागदावर कोणाचीच नव्हती. तोंडी परवानगीवर उभ्या असलेल्या जाळ्याला कुठली बँक कर्ज देणार? मुंबई-पुण्यात यावर एक देशी तोड निघाली. टीव्हीची वायर बाजूला ठेवून कॉम्प्युटर नेटवर्कची वायर गच्चीगच्चीवरून ओढायची. ती वायर शंभर मीटरच्या पुढं चालत नाही, म्हणून दर तीनशे फुटांवर एक डबा, त्याला कोणाच्या तरी फ्लॅटमधून वीज. जूनच्या पहिल्या वळवात वीज कडाडली की डबे जळायचे आणि अख्ख्या सोसायटीचं नेट जायचं. लोक त्यालाच केबल इंटरनेट म्हणायचे. पण दाट वस्तीत ते परवडायचं. आपल्यासारख्या गावात एका गच्चीवर दोन कनेक्शन मिळणार आणि मोठ्या शहरातून इथवर इंटरनेट आणायचं भाडं वेगळं. म्हणून ते इथं आलंच नाही.

मग सरकारनं ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. त्यात ब्रॉडबँड कशाला म्हणायचं, तर किमान २५६ केबीपीएस. (ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस.) उद्दिष्ट होतं २०१० अखेर दोन कोटी ब्रॉडबँड कनेक्शनचं. प्रत्यक्षात झाली सुमारे एक कोटी दहा लाख. का?

कारण शेवटचे दोनशे फूट. त्या वेळी घरात जाणाऱ्या वायरी दोनच होत्या, सरकारी टेलिफोनची आणि केबलवाल्याची. टेलिफोनच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्यानं वापरू द्याव्यात, अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २००४ मध्ये केली होती. धोरणात तिची सक्ती झाली नाही. केबलवाल्याबद्दल धोरणानं म्हटलं की त्याचं जाळं परवानाधारक कंपनीची फ्रँचायजी म्हणून वापरता येईल, जबाबदारी मात्र परवानाधारकाची. ऐकायला बरं वाटतं. पण अर्थ असा की वायर तुझी, शिडी तुझी, वसुली तुझी आणि नाव दुसऱ्याचं. बिलावर तू नाहीस. स्वतःचा परवाना घ्यायचा मार्ग होता, जिल्ह्याएवढ्या क्षेत्राचा ‘क’ वर्गाचा परवाना निघत असे. पण त्याचे हिशेब, अहवाल, सुरक्षेच्या अटी हे सगळं टीव्ही दुरुस्तीतून आलेल्या माणसाला झेपणारं नव्हतं.

म्हणून जानेवारी २००५ पासून आपल्याला जे ब्रॉडबँड मिळालं ते टेलिफोनच्या तारेवरचं. त्याचे उपकार विसरू नयेत. फोन चालू ठेवून इंटरनेट चालतं, हेच तेव्हा नवल होतं. त्या काळातला तो ‘नाइट अनलिमिटेड’ प्लॅन आठवतोय ना? रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. कॉलेजची पोरं दोनचा गजर लावून पिक्चर डाउनलोडला टाकायची आणि परत झोपायची. पण ती तांब्याची तार एक्स्चेंजपासून जितकी लांब तितका वेग कमी, आणि तीन-चार किलोमीटरच्या पुढं नावालाच. नव्या वसाहती सगळ्या गावाबाहेर. फॉर्म भरला की उत्तर यायचं, ‘तुमच्या भागात पेअर शिल्लक नाही.’

गाठ पडली ती टीव्हीच्याच निमित्तानं. केंद्र सरकारनं केबल टीव्ही डिजिटल करायचं ठरवलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत, पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांना ३१ मार्च २०१३, नगरपरिषदेच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५ आणि खेड्यांना अखेर ३१ मार्च २०१७. मधल्या काळात कोर्टकचेऱ्या झाल्या, तारखा पुढं-मागं झाल्या, पण सेट-टॉप बॉक्स आला तो आलाच. आपल्याला त्यात दिसला फक्त बॉक्सचा खर्च. खरा बदल वेगळा होता. गावातली कंट्रोल रूम निकामी झाली. चॅनेल आता मोठ्या शहरातल्या कंपनीकडून फायबरनं गावापर्यंत यायला लागले. आणि टीव्हीसाठी गावात आलेल्या त्या काचेच्या दोऱ्यांपैकी एक इंटरनेटला देता येतो, हे केबलवाल्यानं लगेच ओळखलं.

त्याला ते ओळखावंच लागलं. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दररचना आली. शंभर चॅनेलचं मूळ शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, वर जीएसटी, वर पे-चॅनेलचे पैसे वेगळे. कंपनी आणि केबलवाला यांचा आपसात करार जमला नाही तर या शुल्कातला केबलवाल्याचा वाटा ४५ टक्के. म्हणजे १३० पैकी साडेअठ्ठावन्न रुपये. त्यातून पोरांचे पगार, वायर, पेट्रोल. वर हातात मोबाइल आणि स्वस्त डेटा आलेला, घरोघर केबल बंद होत चाललेली. टीव्हीवर धंदा चालणार नाही, हे दिसत होतं. मग ज्यांनी धीर केला त्यांनी काचेचे दोरे गल्लीगल्लीत नेले.

या फायबरनं जुन्या अडचणी एका झटक्यात सोडवल्या. काळ्या वायरीला जागोजाग अ‍ॅम्प्लिफायर लागायचा, वीज गेली की तो बंद. फायबरला मधे वीज लागतच नाही. केबलवाल्याच्या खोलीतल्या मशीनमधून एक दोरा निघतो, वाटेत एका छोट्या डबीत तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो, आणि दहा-वीस किलोमीटरपर्यंत जातो. वर जाणारा आणि खाली येणारा प्रकाश वेगवेगळ्या रंगाचा, म्हणून एकमेकांत मिसळत नाही. मिक्सरची खरखर प्रकाशाला बाधत नाही. तोच एक एमबीचा फोटो, ज्याला १९९५ मध्ये चौदा मिनिटं लागली असती, तो शंभर एमबीपीएसवर सेकंदाच्या दहाव्या भागात जातो. पण हा दोरा गेला कुठून? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी काकूंच्या तोंडी परवानगीनं जी वाट पडली होती, त्याच वाटेनं. त्याच गच्च्या, तेच खांब.

आणि ही वाट वेळेवर उपयोगी पडली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा मोबाइलवर आल्या. गावातले सगळे एकदम मोबाइल डेटावर तुटून पडले आणि टॉवर गुदमरले. तेव्हा आपल्या गावात शिडी घेऊन फिरणारी केबलची पोरं पोलिसांना पास दाखवत कनेक्शन जोडत होती. पुण्या-मुंबईहून घरी परतलेल्या पोरापोरींनी कंपनीचं काम आपल्या माळवदाखाली बसून केलं ते त्या जोरावर. आजही देशात ब्रॉडबँड वापरणारे नव्वद कोटींच्या वर, त्यांतले वायरवाले चार-साडेचार कोटीच. बाकी सगळे मोबाइलवर. म्हणजे घरात वायरनं इंटरनेट असणं ही अजून सवलतच आहे आणि आपल्या गावाला ती मिळाली आहे.

या वाटेची किंमत मोठ्या कंपन्यांना आपल्या आधी कळली. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या दोन केबल कंपन्यांमधला बहुमताचा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, सुमारे ५,२३० कोटी रुपयांना. त्यांच्याशी जोडलेले केबलवाले होते सुमारे सत्तावीस हजार. पुढच्या सप्टेंबरात जिओफायबर बाजारात आलं. मोठी कंपनी येण्यात वाईट काही नाही, चढाओढीत आपला दर उतरतो. पण एवढा पैसा असलेली कंपनीही नुसत्या टॉवरवर न थांबता गल्लीतल्या शिडीवाल्याला जोडून घेते, यात काय ते समजा.

दुसऱ्या राज्यांत काय झालं तेही बघू. आंध्र प्रदेश सरकारनं विजेच्या खांबांवरून फायबर नेलं, स्थानिक केबलवाल्यांना सोबत घेतलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये महिना १४९ रुपयांत इंटरनेट, टीव्ही, फोन अशी योजना सुरू केली. पुढं ती वादात सापडली, पण घरापर्यंतची वाट कोणाकडं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. केरळात तर केबलवाल्यांनी स्वतःच एकत्र येऊन, भाग भांडवल घालून कंपनी काढली. केरळ व्हिजन तिचं नाव. देशातल्या वायरवाल्या इंटरनेट कंपन्यांची ट्रायची यादी बघा, मोठमोठ्या नावांच्या पंक्तीत पहिल्या पाचांत ही केबलवाल्यांची कंपनी दिसते. प्रवरेचा साखर कारखाना उभा करणारं राज्य आपलं. ऊस एकत्र केला, दूध एकत्र केलं, पतसंस्था काढल्या. पण वायर एकत्र करायचं आपल्याकडं जमलं नाही. आपले केबलवाले हद्दीवरून भांडत बसले आणि एकेक करून कोणाचे ना कोणाचे एजंट झाले.

आता मूळ विषयावर येतो. कायदा काय म्हणतो? २०११ च्या दुरुस्तीनं केबल कायद्यात एक कलम घातलं गेलं. त्यानुसार केबलवाल्याला सार्वजनिक जागेवरून वायर नेता येते, खांब रोवता येतो, मात्र संबंधित संस्थेच्या परवानगीनं. दूरसंचार कंपन्यांसाठी वेगळे ‘राइट ऑफ वे’ नियम आहेत, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, अर्ज ऑनलाइन. आणि जानेवारी २०२५ मध्येच केबलवाल्याची नोंदणी पोस्टातून निघून थेट मंत्रालयाच्या पोर्टलवर गेली. पाच वर्षांची मुदत, पाच हजार रुपये शुल्क. म्हणजे आता प्रत्येक जण कागदावर आणता येतो. तीस वर्षं जे तोंडी चाललं ते लेखी करायची संधी या वायरींच्या निमित्तानं नगरपरिषदेला मिळाली आहे.

ती संधी ‘सरसकट काढा’ यात वाया जाईल. सरसकट काढल्यावर काय होईल, याचा अंदाज कठीण नाही. ज्याच्याकडं वकील आहे, अर्ज करायला माणूस आहे, रस्ता खोदाईचे पैसे आगाऊ भरायची ऐपत आहे, तो पंधरा दिवसांत परत येईल. ज्याच्याकडं फक्त शिडी आहे तो येणार नाही. मग गावात घरापर्यंतची वाट एकाच्याच हातात राहील. आज तो स्वस्तात देईल. उद्या दर वाढवला, किंवा वायर तुटल्यावर चार दिवस कोणी फिरकलं नाही, तर दुसरा कोण असेल? कस्टमर केअरला एक दाबा, दोन दाबा. ‘वरूनच प्रॉब्लेम आहे’ म्हणणारा निदान समोर उभा असतो, त्याला दोन शब्द सुनावता येतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे.

पहिलं, आधी मोजणी करा. प्रत्येक केबलवाल्यानं, प्रत्येक कंपनीनं आपापल्या चालू वायरीला महिनाभरात नावाची पट्टी लावावी. पट्टी नसलेली वायर मेलेली समजून काढावी. अर्ध्याहून जास्त जंजाळ तेवढ्यानंच उतरेल, कारण टीव्हीची जुनी काळी वायर काढायचे कष्ट कोणीच घेतलेले नाहीत.

दुसरं, खांबाचं भाडं लावायचंच असेल तर ते सर्वांना एकाच दरानं लावा, लहानाला आणि मोठ्याला. आणि त्याचा हिशेब सभेत मांडा.

तिसरं, मुख्य रस्त्याचं काँक्रिटीकरण होणारच आहे. ते होताना कडेनं एक सामाईक पाइप टाका आणि ज्याला हवं त्याला भाड्यानं द्या. नाहीतर नवा रस्ता दर सहा महिन्यांनी एकेक कंपनी खोदत बसेल, हे आपण पाण्याच्या पाइपलाइनच्या वेळी पाहिलंच आहे.

चौथं केबलवाल्यांसाठी. पावती द्या, नोंदणी दाखवा, उंची पाळा. हद्दीची भांडणं मिटवून एक संस्था काढा. केरळातल्यांना जमलं ते तुम्हाला का जमू नये?

सभा सर्वांसाठी खुली असते, प्रेक्षकांच्या बाकावर बसता येतं. यायला जमत नसेल तर आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला फोन करून एवढंच विचारा : माझ्या घरात येणारी वायर तुम्ही काढणार का, आणि काढली तर दुसरी कोण, किती दिवसांत आणि कितीला टाकणार? उत्तर मिळालं तर मलाही कळवा. छापतो.